वाघ सावरला, माळढोक का नाही?

भारत सरकारने वन्यजीव राखण्यासाठी गेल्या पन्नास वर्षांत काय कमावले आणि काय गमावले, हे दोन प्राण्यांकडे पाहून बरेचसे कळते. पहिला वाघ. १९७२ च्या गणनेत देशात १,८२७ वाघ असल्याचे सांगितले गेले आणि १ एप्रिल १९७३ रोजी मेळघाटसह नऊ राखीव क्षेत्रांत व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. ती गणना पाऊलखुणांवरून झाली होती, त्यामुळे तो आकडा आजच्या आकड्यांशी थेट ताडून पाहता येत नाही. पण २००६ पासून दर चार वर्षांनी नव्या शास्त्रीय पद्धतीने, कॅमेरा सापळे लावून, अंदाज काढले जातात. त्यांत वाघांची संख्या १,४११ वरून २०२२ मध्ये ३,६८२ पर्यंत गेली. महाराष्ट्रात २०१४ साली १९० वाघ होते, २०२२ मध्ये ते ४४४ झाले. दुसरा प्राणी म्हणजे माळढोक, उडणाऱ्या पक्ष्यांतल्या सर्वांत वजनदार जातींपैकी एक. १९६९ मध्ये देशात सुमारे १,२६० माळढोक असावेत असा अंदाज होता. आज ते दीडशेच्याही खाली आले आहेत आणि बहुतेक सगळे राजस्थानात, जैसलमेरच्या परिसरात उरले आहेत. दोघांनाही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणात ठेवले. कायदा एक, खाते एक, काळ एक. तरीही एक सावरला आणि दुसरा नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर आला.

याची काही उत्तरे तोंडावर तयार असतात. माळढोकाची बेसुमार शिकार झाली हे खरे. उघड्या माळावरून जीपमधून त्याचा पाठलाग करणे सोपे होते. पण शिकार वाघाचीही झाली आणि चोरटी शिकार तर कायदा आल्यावरही चालू राहिली. वाघाला पैसा जास्त मिळाला, हेही खरे. मात्र नुसता पैसा ओतून माळढोक वाचला असता असे मानायला आधार नाही, कारण ज्या पद्धतीने तो पैसा खर्च होतो ती पद्धतच या पक्ष्याला लागू पडत नाही. मूळ कारण वेगळे आहे. आपल्याकडे वन्यजीव म्हणजे जंगल आणि जंगल म्हणजे झाडे, हे समीकरण सरकारी कारभारात इतके मुरले आहे की जिथे झाडे विरळ आणि गवत मुख्य, अशा जमिनीवर जीवसृष्टी असते हेच कागदावर कधी नीट उमटले नाही. वाघाची जमीन सरकारने जंगल म्हणून ओळखली. माळढोकाची जमीन पडीक ठरवली. बाकीचे बरेच काही या एका नोंदीतून घडत गेले.

व्याघ्र प्रकल्पाचे यश आधी समजून घेतले पाहिजे, कारण ते खोटे नाही आणि सहज मिळालेलेही नाही. २००४-०५ च्या सुमारास राजस्थानातल्या सरिस्कामध्ये एकही वाघ शिल्लक नसल्याचे उघड झाले, तेव्हा प्रकल्पाची अब्रूच गेली होती. केंद्राने सुनीता नारायण यांच्या अध्यक्षतेखाली कृती दल नेमले. २००६ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण आले. प्रत्येक राखीव क्षेत्राला गाभा आणि त्याभोवतीचा बफर पट्टा मिळाला, गाभ्यातल्या गावांच्या पुनर्वसनाला निधी मिळाला, गस्तीची आणि गणनेची पद्धत ठरली, पर्यटनातून उत्पन्न येऊ लागले. सरकारी यंत्रणा चुकीतून शिकू शकते, याचे हे चांगले उदाहरण आहे. मात्र ही सगळी रचना एका गृहीतावर उभी आहे. प्राणी एका सलग क्षेत्रात राहतो, त्या क्षेत्राभोवती रेघ ओढता येते आणि रेघेच्या आतली जमीन आधीपासूनच वनखात्याच्या ताब्यात असते. ताडोबा, पेंच किंवा मेळघाट यांच्या बाबतीत हे गृहीत बऱ्याच अंशी खरे ठरते. तिथेही वाघ रेघ ओलांडून शेतात येतात आणि चंद्रपूर जिल्ह्यात त्याची किंमत माणसे जिवाने मोजतात; पण वाघाचे मूळ घर रेघेच्या आत आहे, याबद्दल वाद नाही.

माळढोकाचे घर असे एका जागी सापडत नाही. मादी उघड्या जमिनीवर, बहुधा वर्षाला एकच अंडे घालते आणि सुमारे चार आठवडे उबवते. त्यासाठी तिला माणसे, कुत्री आणि गुरे यांच्यापासून निवांत असा गवताळ तुकडा लागतो. एरवी हा पक्षी नाकतोडे, भुंगे, सरडे, बोरे, धान्य, शेंगा असे मिळेल ते खात माळ, पडीत रान आणि कोरडवाहू शेते यांवरून मैलोन्‌मैल फिरतो. ज्वारी, बाजरी, भुईमूग, तूर घेणारा जुन्या पद्धतीचा शेतकरी त्याचा शत्रू नव्हता. उलट त्याच्या शेतात पक्ष्याला खाणे मिळत होते. म्हणजे माळढोकाच्या घरात थोडी वनखात्याची जमीन येते, थोडे गावाचे गायरान, थोडी महसूल खात्याची पड आणि बरीचशी खासगी शेती. एवढ्या मालकांच्या जमिनीवर राहणारा प्राणी एका खात्याने कुंपण घालून वाचवायचा, ही कल्पनाच मुळात चुकीची आहे. लांडगा, खोकड, काळवीट, चिंकारा, तणमोर, धाविक या माळावरच्या इतर रहिवाशांनाही हेच लागू होते.

त्यात या जमिनीची सरकारदरबारी किंमत शून्य. इंग्रजी अमलात वनखाते उभे राहिले ते मुख्यतः इमारती लाकडासाठी, आणि ज्या जमिनीतून लाकूड आणि शेतसारा यांपैकी काहीच मिळत नाही ती जमीन वाया गेलेली, असा हिशेब रूढ झाला. स्वातंत्र्यानंतर राज्यकर्ते बदलले, हिशेब तोच राहिला. १९८५ मध्ये राष्ट्रीय पडीक जमीन विकास मंडळ स्थापन झाले आणि अशा जमिनी 'सुधारण्या'चा कार्यक्रम हाती घेतला गेला. पुढे उपग्रह चित्रांच्या आधारे देशाचा पडीक जमिनींचा नकाशा तयार झाला, त्यात गवताळ आणि काटेरी झुडपांची मोठमोठी क्षेत्रे सरळ पडीक म्हणून रंगवली गेली. १९८८ च्या राष्ट्रीय वन धोरणाने देशाचा एक तृतीयांश भाग वृक्षाच्छादित असावा असे उद्दिष्ट ठेवले. धरण, खाण किंवा रस्ता यांसाठी जंगल तुटले की त्याची भरपाई म्हणून दुसरीकडे झाडे लावायची असतात, आणि त्यासाठी सर्वांत हाताशी असणारी जमीन म्हणजे माळ. परिणामी दख्खनच्या माळांवर गिरिपुष्पाची, म्हणजे ग्लिरिसिडियाची, आणि निलगिरीची लागवड झाली. कच्छमधल्या बन्नी या विशाल गवताळ प्रदेशात १९६० च्या दशकात वेडी बाभूळ लावली गेली, आणि आता तीच तिथल्या गवताला गिळत चालली आहे. प्रत्येक ठिकाणी अहवालात हिरवे क्षेत्र वाढल्याची नोंद झाली. त्या हिरव्या रंगाखाली मारवेल, पवन्या, कुसळी अशी गवते आणि त्यांच्यावर जगणारी सृष्टी दबली, त्याची नोंद करायला तक्त्यात रकाना नव्हता.

यावर एक आक्षेप असा की, माळ म्हणजे एकेकाळचे जंगलच. तोड आणि चराई यांनी ते उघडे पडले, म्हणून तिथे पुन्हा झाडे लावणे हे पुण्यकर्मच आहे. काही डोंगरउतारांबद्दल ही गोष्ट खरी असेलही. पण पश्चिम महाराष्ट्राच्या पर्जन्यछायेतल्या पट्ट्याबद्दल ती टिकत नाही. इथे पाऊस कमी, माती उथळ आणि खाली काळा कातळ. अशा ठिकाणी दाट जंगल निसर्गतःच वाढत नाही. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या संशोधकांनी तेराव्या शतकापासूनच्या मराठी वाङ्मयातले आणि लोकपरंपरेतले वनस्पतींचे उल्लेख गोळा करून २०२५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. बाभूळ, पळस यांसारखी विरळ, उघड्या रानात वाढणारी झाडे त्या उल्लेखांत जास्त आढळली, आणि हा प्रदेश किमान साडेसातशे वर्षे तरी गवताळ, विरळ झाडांचाच असल्याचा निष्कर्ष त्यांनी काढला. म्हणजे ज्ञानेश्वरांच्या काळीही इथे माळच होता. धनगरांची मेंढरे याच माळांवर पिढ्यानुपिढ्या चरत आली, आणि मेंढरांमागे लांडगा. हा बिघडलेल्या जंगलाचा अवशेष नव्हे. ही स्वतंत्र, जुनी आणि नांदती परिसंस्था आहे.

मग सरकारने माळढोकासाठी काहीच केले नाही का? केले, आणि ते कसे केले हे महाराष्ट्राला चांगले माहीत आहे. १९७९ मध्ये सोलापूर आणि अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यांत नान्नजच्या नावाने ओळखले जाणारे माळढोक अभयारण्य जाहीर झाले. त्याचे क्षेत्रफळ ८,४९६ चौरस किलोमीटर होते, म्हणजे गोवा राज्याच्या दुपटीहून मोठे. त्यात गावे होती, बाजारपेठा होत्या, लाखो माणसांची शेती होती. जंगलासाठी बनवलेला अभयारण्याचा साचा वसलेल्या मुलखावर जसाच्या तसा ठेवल्यावर जे व्हायचे तेच झाले. जमिनीची खरेदी-विक्री, बांधकाम, उद्योग यांवर निर्बंध आले आणि पक्ष्याबद्दल लोकांच्या मनात कडवटपणा साठत गेला. दुसरीकडे, ज्यामुळे खरोखर माळ नाहीसा होत होता, म्हणजे उजनी धरणाच्या आणि विहिरींच्या पाण्यावर कोरडवाहू ज्वारीच्या जागी आलेला ऊस, त्याला हे निर्बंध अडवू शकले नाहीत. शेवटी सर्वोच्च न्यायालयाच्या संमतीने अभयारण्य सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले. तोवर उशीर झाला होता. आता गणनेत एखादी मादी दिसली तरी तिची बातमी होते. मध्य प्रदेशात शिवपुरी जिल्ह्यातल्या करेरा अभयारण्याची कथा अशीच. तेही माळढोकासाठी १९८१ मध्ये स्थापन झाले, निर्बंधांवरून गावकऱ्यांशी वितुष्ट आले, १९९० च्या दशकात तिथला पक्षी संपला.

या उदाहरणांवरून कुणी म्हणेल की, माणसांनी भरलेल्या मुलखात माळढोक वाचवणे अशक्यच आहे, तो नाद सोडावा. माझ्या मते त्यांतून निघणारा धडा नेमका उलटा आहे. नान्नजमध्ये संवर्धनाने माणसांकडून सगळे काढून घेतले आणि बदल्यात काही दिले नाही. म्हणून ते फसले. कागदावर हजारो चौरस किलोमीटर होते, प्रत्यक्षात मात्र विणीसाठी राखलेले गवताळ तुकडे मोजकेच होते, आणि पक्षी टिकला तो त्या मोजक्या तुकड्यांच्या आधाराने. म्हणजे गरज होती ती विणीच्या जागा कडक राखण्याची आणि भोवतीच्या शेतीशी करार करण्याची. कायद्यात त्यासाठी जागाही आहे. २००२ च्या दुरुस्तीने, जी २००३ पासून लागू झाली, संवर्धन राखीव आणि समुदाय राखीव असे दोन नवे प्रकार आणले. त्यांत लोकांना बाहेर न काढता, त्यांना व्यवस्थापनात घेऊन क्षेत्र राखता येते. २००६ च्या वनहक्क कायद्याने चराईसह सामूहिक हक्क मान्य केले. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाने याच कायद्याखाली २००९ मध्ये आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळवला आणि गाव जंगल सांभाळू शकते हे दाखवून दिले. तोच विचार माळाला लावायला कायद्याची अडचण नाही, इच्छेची आहे.

सर्वांत अवघड आक्षेप ऊर्जेचा आहे, आणि तो टाळून चालणार नाही. जैसलमेर आणि कच्छ इथे उरलेल्या माळढोकांच्या आकाशात आता विजेच्या तारांचे जाळे आहे, कारण सूर्य आणि वारा या दोन्हींची संपत्ती तिथेच आहे. माळढोकाला समोरचे कमी दिसते आणि वजनामुळे ऐनवेळी वळता येत नाही. तो तारेवर आदळतो. भारतीय वन्यजीव संस्थेच्या अभ्यासानुसार जैसलमेरमधल्या ४,२०० चौरस किलोमीटर क्षेत्रात तारांमुळे वर्षाला सुमारे ८४,००० पक्षी मरतात. त्यांत माळढोक थोडेच असतात. पण ज्या जातीत दीडशे जीव उरलेत आणि मादी वर्षाला एक अंडे घालते, तिथे दरवर्षी गेलेले मूठभर पक्षीसुद्धा जातीचा शेवट ठरवतात. माजी सनदी अधिकारी एम. के. रणजितसिंह यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये माळढोकाच्या क्षेत्रातल्या तारा जिथे शक्य तिथे जमिनीखाली घालण्याचा आदेश दिला. सरकारने सांगितले की, एवढ्या विस्तीर्ण क्षेत्रात उच्च दाबाच्या वाहिन्या जमिनीखाली घेणे तांत्रिकदृष्ट्या आणि खर्चाच्या दृष्टीनेही व्यवहार्य नाही, आणि त्यामुळे अपारंपरिक ऊर्जेचे राष्ट्रीय उद्दिष्ट गाठता येणार नाही. मार्च २०२४ मध्ये न्यायालयाने सरसकट आदेश मागे घेतला, तज्ज्ञ समिती नेमली आणि त्याच निकालात हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क घटनेच्या कलम १४ आणि २१ मध्ये अंतर्भूत असल्याचे मान्य केले.

सौरऊर्जा हवीच. कोळसा जाळत राहिलो तर माळढोकासकट सगळ्यांचेच नुकसान आहे. परंतु 'वीज की पक्षी' असा प्रश्न मांडला की त्यात एक लबाडी शिरते. हे प्रकल्प त्याच माळावर का आले? ऊन भरपूर हे एक कारण, पण जमीन पडीक म्हणून स्वस्तात आणि विनातक्रार मिळाली हे दुसरे. त्या जमिनीतल्या ओरणांवर, म्हणजे देवाच्या नावाने शतकानुशतके राखलेल्या गावरानांवर, जैसलमेरच्या पशुपालकांची गुरे जगतात. तीसुद्धा महसुली कागदात रिकामी दिसतात. ती जमीन आधीच जिवंत परिसंस्था म्हणून नोंदलेली असती, तर वाहिन्यांचे मार्ग आखतानाच विणीच्या जागा वगळल्या गेल्या असत्या आणि नंतर हजारो कोटी खर्चून तारा पुरण्याचा प्रश्न उरला नसता. हे अशक्य कोटीतले नाही. मध्य युरोपात, ऑस्ट्रिया आणि हंगेरीच्या सीमाभागात, माळढोकाचा भाऊबंद असलेला मोठा बस्टर्ड अगदी थोडक्या संख्येवर आला होता. तिथल्या सरकारांनी निवडक पट्ट्यांतल्या तारा जमिनीखाली घेतल्या, उरलेल्या तारांवर पक्ष्यांना दिसतील अशा खुणा लावल्या आणि शेत काही काळ पडीत ठेवणाऱ्या शेतकऱ्यांना पैसे दिले. मृत्यू घटले आणि पक्ष्यांची संख्या वाढत गेली. सगळ्या तारा पुराव्यात, असे तिथे कुणी म्हटले नव्हते. नेमक्या जागी नेमके काम झाले.

आता सरकारची मोठी आशा कृत्रिम प्रजननावर आहे. जैसलमेरजवळ सम इथे २०१९ मध्ये केंद्र सुरू झाले, रानातून अंडी आणून पिल्ले वाढवली गेली, ऑक्टोबर २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून पहिले पिल्लू जन्मले आणि आज केंद्रांमधल्या पक्ष्यांची संख्या साठाच्या वर आहे. शास्त्रज्ञांचे आणि राजस्थानच्या वनखात्याचे हे काम खरोखर कौतुकाचे आहे. जात पूर्ण संपू नये यासाठी तो विमा आहे. पण विम्याने घर बांधले जात नाही. वाढवलेले पक्षी उद्या सोडायचे कुठे, हा प्रश्न पिंजऱ्याच्या बाहेरचा आहे. ज्या माळावर तारा, भटकी कुत्री, कीटकनाशके आणि लावलेली झाडे आहेत, तिथे सोडलेला पक्षी रानातल्या पक्ष्याच्याच वाटेने जाईल.

वाघ वाचवला की बाकीचे आपोआप वाचते, असा आपल्या धोरणाचा मूक विश्वास राहिला आहे. वाघाच्या जंगलात ते बरेचसे खरे ठरले. नद्या, धरणांच्या पाणलोटातली जंगले, असंख्य इतर जीव त्याच्या छत्राखाली आले. मात्र ते छत्र माळापर्यंत पोहोचत नाही, पोहोचणारही नाही. म्हणून माळासाठी वेगळे धोरण लागते, आणि ते फार गुंतागुंतीचे नाही. पहिले, महसूल आणि वन या दोन्ही खात्यांच्या नोंदींत गवताळ प्रदेशाला स्वतःचा वर्ग द्यावा आणि पडीकच्या यादीतून तो काढावा. दुसरे, भरपाईची वृक्षलागवड अशा जमिनीवर करू नये. जिथे केली आहे तिथली परकी झाडे काढून गवत परत आणण्याच्या कामाला त्याच निधीतून पैसे द्यावेत. तिसरे, विणीच्या जागा छोट्या पण कडक राखाव्यात आणि भोवतीच्या पट्ट्यात कोरडवाहू पिके घेणाऱ्या, विषारी फवारणी टाळणाऱ्या शेतकऱ्याला दरवर्षी मोबदला द्यावा. चौथे, मेंढपाळाला अतिक्रमण करणारा न समजता माळाचा राखणदार मानावे; चराईचे वेळापत्रक त्याच्याशी बसून ठरवावे आणि लांडग्याने मेंढरू नेले तर भरपाई वेळेवर द्यावी. अतिचराईने माळ खराब होतो हे खरे, पण त्यावर उपाय चराई बंद करणे हा नव्हे. पुरेसे माळ मोकळे ठेवले तर एकाच तुकड्यावर भार पडत नाही. गुजरातमधले वेळावदर हे राष्ट्रीय उद्यान जेमतेम ३४ चौरस किलोमीटरचे गवताळ रान आहे. तरी तिथे काळविटांचे कळप नांदतात आणि हिवाळ्यात दूरदेशीचे भोवत्या पक्षी शेकड्यांनी रात्रीच्या मुक्कामाला उतरतात. थोडी जमीन नीट समजून राखली तर माळ किती देतो, याचा हा पुरावा आहे.

महाराष्ट्रातून माळढोक जवळपास गेला आहे, आणि तो परत येईलच असे वचन कुणी देऊ नये. लांडगा, खोकड, चिंकारा, धाविक मात्र पुणे, सोलापूर, अहिल्यानगरच्या माळांवर अजून आहेत आणि त्यांना वाचवण्याची वेळ गेलेली नाही. पुढच्या पावसाळ्यात आपल्या गावाच्या माळावर वृक्षारोपणाचे खड्डे खणले जाऊ लागले, तर ग्रामसभेत उभे राहून एवढेच विचारावे, की या जमिनीवर आज काय उगवते आणि त्यावर कोण जगते. त्याचे उत्तर मिळेपर्यंत खड्डे थांबवण्याचा ठराव गाव करू शकते. सरकारी संवर्धन सुधारायचे तर त्याची सुरुवात अशा एखाद्या ठरावापासून व्हायला हवी.